एका किल्लीचं खुराडं

कॉलेजातल्या एका सहकारी बाईंना मी पहिल्यांदा खोलीवर चहाला घेऊन आले, त्या दिवशी आमचे घरमालक पत्र्यावर हातापायांवर ओणवे उभे होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, मान खाली, नजर परसातल्या खुराड्यावर. मी खालून हाक मारली तर मान न वळवताच उत्तर आलं, "थांबा जरा मॅडम. मी आत्ता मांजर हाय." सहकारी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना विचारलं, साखर किती घेता. दुसरं काय विचारणार होते?

कुरुंद्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मला नोकरी लागली आणि मी नांदेडहून येऊन त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहू लागले. उभी हयात त्यांनी विजेच्या खांबांवर काढली होती. निवृत्त झाले तरी गाव त्यांना लाईनमनच म्हणे. मी काका म्हणायचे. खोली दाखवताना ते आधी आत गेले. भिंत, खिडकीचा गज, नळ, विजेच्या बोर्डाचं लाकूड, सगळ्याला एकेक करून हाताची पाठ टेकवली आणि मग मला म्हणाले, या. मला वाटलं, वास्तूला नमस्कार करायची यांची काही रीत असेल. नंतर कळलं की ते सगळ्यालाच असा हात लावतात. जीपच्या दांड्याला, चहाच्या कपाला, म्हशीच्या पाठीला, तापलेल्या माणसाच्या कपाळाला. आधी उलटा हात, मग खात्री पटली तर सुलटा. उघड्या तारेला तळहात लागला तर मूठ आवळते आणि तार सुटत नाही. हाताच्या पाठीला धक्का बसला तर हात मागे उडतो आणि माणूस वाचतो. खांबावर चढणाऱ्यांची ही सवय. काका निवृत्त झाले होते, हात झाला नव्हता.

दुसरी खोड तोंडाची होती. "समजायचं न्हाई, बघायचं," हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे की माझं डोकं उठायचं. एकदा सकाळी घाईने निघताना मी सहज म्हणाले की गॅस बंद केला असेल मी. झालं. "असेल म्हंजे काय, मॅडम? केला का न्हाई?" मला रस्त्यावरून परत खोलीत धाडलं. गॅस बंदच होता. माझी नांदेडची जीप तेवढी गेली. पुढचे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी तुटक बोलत होते, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

त्या वर्षी त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. मी तिला ताई म्हणायचे, होती खरं तर माझ्याच वयाची. आदल्या खेपेला दिवस भरत आले असताना तिचं बाळ पोटातच गेलं होतं. या खेपेला दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा काकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला नवस बोलला होता. लेकराचं तोंड सुखरूप दिसू दे, अख्खा कोंबडा देईन. अख्खा म्हणजे तुरा, डोळा, पंख, नख, कशालाही खोड नसलेला. आणि विकतचा नाही, घरच्या कोंबडीखाली निघालेला. नवसाच्या दिवशी काकूंनी एका पिलाच्या पायाला काळा दोरा बांधला. तेच पिलू मोठं करायचं आणि तेच द्यायचं.

काकांचा नवसाबिवसावर विश्वास नव्हता. लेकीला ते तपासणीला स्वतः वसमतला घेऊन जात, डॉक्टरीण बाईंना नको तितके प्रश्न विचारत, आणि म्हसोबाचा विषय निघाला की उठून जात. पण लेकीचा विश्वास होता. ती रोज सकाळी चहा घ्यायच्या आधी परसात यायची, तो तांबडा कोंबडा दिसेपर्यंत दाराला धरून उभी राहायची, आणि तो दिसला की तिचा चेहरा सैल व्हायचा. एकदा मला म्हणाली, "आबा म्हणतात, हे काही खरं नसतं. मलाबी कळतंय. पण सकाळी तो दिसला न्हाई तर मला चहा जात न्हाई, त्याला काय करू?" हळूहळू मीसुद्धा सकाळी खिडकीतून आधी कोंबडा बघायला लागले.

परसामागच्या हळदीच्या रानात मुंगूस होतं. घार आणि मांजर यांचा त्रास सगळ्या गावाला होता, पण हे मुंगूस दिवसाढवळ्या, माणसं अंगणात बसलेली असताना यायचं आणि पिलू घेऊन जायचं. त्याला मारायची किंवा पिंजरा लावायची सोय नव्हती. मुंगूस दिसणं शुभ. ते दिसलं की काकू आधी हात जोडायच्या आणि मग त्याच तोंडाने त्याला शिव्या द्यायच्या. शेजारच्या घरची अंड्यावर बसलेली कोंबडी एका दुपारी त्यानं मारली, तेव्हा ताईनं जेवण सोडलं. काकांनी ताट बाजूला सारलं, परसात गेले, खाली वाकले आणि गुडघ्यांवर चालायला लागले.

असं ते सुरू झालं. रोज संध्याकाळी ते कुणीतरी व्हायचे. मुंगूस झाले की जमिनीलगत नाक धरून खुराड्याभोवती फिरायचे, बोटांनी माती उकरून बघायचे. घार झाले की पत्र्यावर उभं राहून एक डोळा मिटून खाली पाहायचे. धामण व्हायचं असलं की पोटावर पडायचे आणि मग काकू आतूनच ओरडायच्या की हा सदरा मी धुणार न्हाई. त्या अवतारात असताना ते माणसांशी बोलत नसत. फोन वाजला तर घेत नसत. काम चालू असताना फोन घ्यायचा नाही, हाही खांबावरचाच नियम.

त्यातून जे उभं राहिलं ते बघायला लोक वारंगा फाट्याकडून यायचे. कोंबड्यांची झोपायची पेटी दगडी खांबांवर उचललेली, प्रत्येक खांबाला पत्र्याची उलटी टोपी, म्हणजे उंदीर आणि साप वर चढू नयेत. पेटीपुढे फिरायला चांगली ऐसपैस जागा, बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद. जाळी जमिनीत गाडलेली, आणि खाली गेल्यावर बाहेरच्या अंगाला वळवून हातभर पसरलेली. उकरणारं जनावर भिंतीला चिकटून उकरतं, ते थेट जाळीवरच येईल. दुकानदारानं त्यांना आधी ती पातळ, सहाकोनी जाळी दाखवली होती. सगळे तीच वापरतात. काकांनी ती बोटांनी फाकवून दाखवली. "ही जाळी कोंबडीला आत ठेवती. मुंगसाला बाहेर ठेवत न्हाई," ते मला म्हणाले. "लोकं कोंबडीकडून बघतात, मॅडम. मी मुंगसाकडून बघून राहिलो." शेवटी जाड तारेची, बारीक चौकोनांची जाळी आणली, ती ओढून, हलवून, तिच्यावर उभं राहूनसुद्धा बघितली.

त्या जागेच्या मधोमध एक जुनं चुलाण होतं. पूर्वी हळद शिजवायची कढई त्यावर चढायची. आता सगळे वाफेच्या बॉयलरमध्ये शिजवून घेतात, त्यामुळे ते कित्येक वर्षं थंड पडलेलं. काकू म्हणाल्या, ते पाडून टाका. काकांनी पाडलं नाही, कारण त्यातल्या राखेत कोंबड्या लोळतात आणि त्यांच्या अंगावरच्या उवा मरतात. ते खरंही होतं.

दारं दोन होती, एकामागे एक. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. आणि बाहेरच्या दाराला पितळी कुलूप. त्याची किल्ली एकच होती आणि ती काकांच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली असायची. पेटीतून कोंबड्या फिरायच्या जागेत सोडायच्या त्या काकांनी, दाणे टाकायचे ते काकांनी, दार लावायचं ते काकांनी. काकूंनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या, पण आता अंडं हवं असलं तर नवऱ्याला हाक मारावी लागायची. मी एकदा न राहवून विचारलं, की तुम्ही गावाला गेलात, आजारी पडलात तर काय करायचं? दुसरी किल्ली नको का?

"दुसरी किल्ली म्हंजे दुसरा हात," काका म्हणाले. "मुंगूस कडी काढत न्हाई, मॅडम. दार उघडं टाकून जातं ते माणूसच."

मला राग आला. काकूंच्या देखत असं बोलायचं म्हणजे काय? काकू मात्र शांतपणे भाजी निवडत राहिल्या. काका गेल्यावर त्यांनी मला सांगितलं की ते कुलूप खुराड्यासाठी आणलेलं नाही, ते फार जुनं आहे. लग्नानंतरच्या दिवसांतली गोष्ट. काकांनी डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवरून, लाईन बंद केली, त्यांचा जोडीदार खांबावर चढला, आणि काका पुढच्या खांबाकडे गेले. तेवढ्यात कुणीतरी, आपल्या विहिरीवरची मोटर चालू व्हावी म्हणून, लाईन परत चालू केली. कुणी केली ते आजवर कळलं नाही. जोडीदार वरच गेला. "त्याच्या मयतीवरून आले अन् हे कुलूप घेऊन आले," काकू म्हणाल्या. "तवापासून डीपीला सोताचं कुलूप लावायचे. ज्यानं बंद केलं त्यानंच चालू करायचं. दुसऱ्या कोणाच्या हाताला काही लागू देत न्हाईत. मलाबी न्हाई, अन् मी काही मनाला लावून घेत न्हाई." हे शेवटचं खरं नव्हतं, ते त्या भाजीचे देठ ज्या जोराने खुडत होत्या त्यावरून दिसत होतं.

ताईचे दिवस भरत आले होते. कोंबडा तेज झाला होता, शेपटीत हिरवी झाक आली होती, काकू रोज त्याचा तुरा आणि नखं न्याहाळायच्या. आणि एका रविवारी सकाळी काका मुंगूस होऊन परसाच्या भिंतीमागे गेले असताना त्यांना हळदीच्या वाळक्या पाल्याच्या ढिगाखाली एक भोक सापडलं. चुलाणाचं धुराचं तोंड. जुन्या काळी धूर बाहेर जावा म्हणून जमिनीखालून काढलेलं ते बोगद्यासारखं बीळ जाळीच्या खालून, भिंतीच्या खालून, सरळ बाहेर निघत होतं. काकांनी तिथल्या तिथे त्यात दगड ठासले, सिमेंट कालवून तोंड लिंपून टाकलं, हात धुतले आणि मला हाक मारून दाखवलं. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आता काही राहिलं न्हाई," ते म्हणाले. त्यांनी कोंबड्या पेटीतून मोकळ्या सोडल्या, दार लावलं, कुलूप घातलं, ते ओढून बघितलं, आणि आतल्या दाराला स्प्रिंग हवी म्हणून वारंगा फाट्याला जायला निघाले. कुणी फार खूश झालं की मला उगाच धास्ती वाटते. तो माझा स्वभाव आहे, त्यात मला काही कळलं होतं असं नाही.

दुपारी मी पेपर तपासत बसले होते तेव्हा कोंबड्या ओरडल्या. दाण्यासाठी ओरडतात तशा नाही. मी बाहेर धावले. चुलाणावर, राखेच्या ढिगात एक ताजं भोक पडलं होतं आणि त्याच्या कडेला राखेने पांढरं झालेलं मुंगूस उभं होतं. आत. जाळीच्या आत. आम्ही ज्याला बाहेर ठेवायला इतके दिवस खपलो होतो, ते त्या बोगद्यातच राहत होतं, आणि सकाळी त्याचं बाहेरचं दार लिंपून टाकलं तेव्हा त्याने आतल्या बाजूने राख उकरून वाट काढली होती.

एक कोंबडी पडलेली होती. बाकीच्या जाळीवर आपटत होत्या. कोंबडा तेवढा पंख फुगवून मुंगसासमोर उभा होता आणि मागे सरत नव्हता. मी दाराकडे गेले. कुलूप. मी दगड उचलून कुलपावर घातला, पुन्हा घातला. काही झालं नाही. कडीचे नट आतल्या अंगाला होते, तेही काकांनीच विचार करून बसवलेले. मी जाळी दोन्ही हातांनी धरून हलवली, ती तसूभर हलली नाही. त्या जाळीचा मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. काकू बाहेर आल्या, त्यांनी सवयीने हात जोडले आणि मग जोडलेले हात तसेच तोंडावर धरले.

ताई भिंतीला धरत धरत आली. तिने कोंबड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्या की चौथ्या खेपेला काकांनी उचलला. मागे गाड्यांचा आवाज होता.

"आबा, किल्ली कुठं हाय?"

"कमरेला. काहून?"

"मुंगूस आत शिरलंय. कोंबड्यापाशी हाय."

काकांनी कुणाला तरी जीप थांबवायला ओरडून सांगितलं. मग काका म्हणाले, "मी येतो. कोणी हात लावू नका." आयुष्यभर जे म्हणत आले तेच त्यांच्या तोंडून निघालं. ताईनं फोन माझ्या हातात दिला आणि ओसरीकडे वळली. तिथे खुंटीवर काकांची हत्यारांची चामडी पिशवी असायची. तिला घरात कुणी शिवत नसे. ताईनं ती उतरवली, आत न बघता हात घातला आणि लाल मुठींची मोठी पकड बाहेर काढली.

ती जाळीपाशी तशीच खाली बसली, एवढ्या मोठ्या पोटासकट. मी म्हटलं, द्या इकडे, मी कापते. तिने दिली नाही. पहिली तार तुटेना. मग तिने पकड तारेवर बरोबर धरली आणि मी दोन्ही हातांनी मुठी दाबल्या. तार तुटली. मग दुसरी. काका ज्या तारेवर उभं राहून नाचले होते ती तार होती ती. आत कोंबडा उडून पाय मारत होता आणि मुंगूस खालून पायाकडे झेप घेत होतं. काकू मागून म्हसोबाला काहीतरी बोलत होत्या, ते मी ऐकत नव्हते. जाळीचा एक कोपरा सुटला, मी तो ओढून वाकवला आणि माझा हात फाटला. मुंगसाला उजेड दिसला असावा. ते आमच्या दोघींच्या मधून, ताईच्या साडीला घासून बाहेर पडलं आणि हळदीत गेलं.

कोंबडा जिवंत होता. काळा दोरा पायात तसाच होता. त्याच पायाचं एक बोट नव्हतं.

काकूंनी ते पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "खोड आली." मी त्यांच्यावर ओरडणार होते, लेकीसमोर हे बोलायची काय गरज होती. पण ताई उठली नाही. ती जमिनीवर बसून दोन्ही हात पोटावर धरून होती. "मॅडम," ती म्हणाली, "मगापासून बाळ हलून न्हाई राहिलं."

त्यानंतरचा वेळ मला नीट सांगता येत नाही. आम्ही तिला बाजेवर डाव्या कुशीवर निजवलं. काकूंनी गुळाचं पाणी दिलं. शेजारणीने गावच्या आशा सेविका बाईंना बोलावून आणलं, त्यांनी पोटावर हात ठेवला, थांबल्या, आणि म्हणाल्या की वाट बघू नका, दवाखान्यात न्या. गाडी शोधायला माणूस पळाला. तेवढ्यात काकांना घेऊन आलेली जीप दारात थांबली. ते उतरले आणि अंगणातच उभे राहिले. कापलेली जाळी, मातीत पडलेली लाल पकड, बाजेवर लेक. ते सरळ लेकीपाशी आले. कपाळाला हाताची पाठ लावली. तिने सांगितलं, आणि जीपवाल्याला त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की माघारी फिरव.

मी जीपमध्ये ताईशेजारी बसले होते. काका पुढे, पाठमोरे. तिने माझं मनगट धरलं होतं, फाटलेल्या हाताचंच, आणि मी ते सोडवून घ्यायला धजत नव्हते. शाळेसमोरच्या गतिरोधकावर जीप आपटली. ताईनं मनगट आणखी आवळलं. मग म्हणाली, "हललं." आणि परत, "हललं, आबा. लाथ मारली." काकांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी तोंड खिडकीबाहेर काढलं आणि दवाखाना येईपर्यंत तसंच ठेवलं. डॉक्टरांनी ठोके ऐकले, आम्हालाही ऐकवले, आणि सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवलं.

मी वाट बघत होते की आता ते जाळीवरून बोलणार. घरी आल्यावर ते कापलेल्या जागेपाशी बसले, तारांची टोकं एकेक बघितली.

"कोणती पकड घेतली?" त्यांनी लेकीला विचारलं.

"मोठी. लाल मुठीची."

"बराबर घेतलीस," काका म्हणाले.

मग ते आत रांगत गेले, चुलाणातल्या भोकात हात घालून बघितला, आणि तिथेच राखेत बसून राहिले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "म्या समदं बाहेरून बघितलं, मॅडम. आतून बघितलंच न्हाई. अन् त्याला लिंपून लेकीच्या कोंबड्यापाशी मीच कोंडलं." मला तेव्हा त्यांची फार दया आली, आणि त्यांना ती नको असेल म्हणून मी चहा ठेवून निघून आले.

पुढचे दिवस वाईट गेले. ताई सकाळी परसात येईनाशी झाली. काकू म्हणत होत्या की खोड आलेला कोंबडा म्हसोबा घेत नाही आणि आता दुसरं पिलू वाढवायला वेळ कुठं आहे. काका, ज्यांनी या विषयावर आजवर तोंड उघडलं नव्हतं, एका सकाळी कोंबडा काखेत घेऊन लेकीच्या बाजेपाशी आले. तिने मान फिरवली. "बघ इकडं," ते म्हणाले. "तुझी माय म्हणून राहिली देव घेणार न्हाई. अगं, त्यानं घेतला त्याचा वाटा. बोटभर घेतला. बाकीचा तुला ठेवला." काकू म्हणाल्या, देवाच्या वतीने बोलणारे तुमी कोण? पण ताईनं मान वळवून कोंबड्याकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी. काकूंनी पुढे गुपचूप शेजारणीकडे दुसरा एक कोंबडा, देवाचा दंड म्हणून, सांगून ठेवला. काकांना ते ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे काकूंना ठाऊक होतं.

त्याच दिवसांत कॉलेजातून येताना मी काकांना बांधावर पाहिलं. म्हसोबाच्या शेंदरी दगडासमोर ते एकटेच उभे होते. हात जोडले नव्हते. त्यांनी दगडाला हाताची पाठ टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. सुलटा हात काही लावला नाही. मी रस्त्यावरून पुढे गेले, त्यांनी मला पाहिलं असेल तर कधी दाखवलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. एरवी अंगणातूनच हाक मारणारा माणूस. वसमतला जाऊन त्यांनी त्या पितळी कुलपाच्या किल्ल्या करून आणल्या होत्या. काकूंना एक, ताईला एक, आणि एक त्यांनी माझ्यापुढे धरली. "मी नसलो तर उघडायचं," ते म्हणाले. "फोन करत बसायचं न्हाई. मला इचारायचं न्हाई." मी किल्ली घेतली. ती लगेच माझ्या खोलीच्या किल्लीसोबत ओवली. खुराड्याच्या कुलपाचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. त्यांच्या जोडीदाराची गोष्ट मला माहीत होती, म्हणून मी म्हणू शकले नाही.

ताईच्या कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही सगळे वसमतच्या दवाखान्यात होतो. काकू बाकावर, मी त्यांच्या शेजारी, काका भिंतीला टेकून उभे. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. आदल्या खेपेला याच दारातून काय बातमी आली होती ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग आतून रडणं ऐकू आलं. काकूंनी माझा हात धरला. काका म्हणाले, "आपलंच हाय का ते? बघा," आणि मी उठून बघून आले. आपलंच होतं. मुलगी होती, आणि ताई बरी होती.

बाळ आधी काकूंनी घेतलं, मग ताईनं पडल्या पडल्या खूण केली की आबांकडे द्या. काकांनी हात पुढे केला. मी त्या हाताकडेच बघत होते. तो सुलटा होता. आधी उलटा नाही, काही नाही, सरळ तळहात त्यांनी बाळाच्या छातीवर ठेवला. बाळानं त्यांचं बोट पकडलं आणि मूठ आवळली. काकांनी बोट हलवून बघितलं, मूठ काही सुटेना. "सोडून न्हाई राहिली," ते आम्हाला म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी बोट सोडवून घेतलं नाही. नर्सबाईंनी चहा आणून दिला, तो त्यांनी डाव्या हाताने घेतला, न बघता तोंडाला लावला, आणि जीभ भाजून घेतली.